ए ऑपरेटर, आवाज!

दिवाळी अंकात गिरगाव आणि लॅमिंग्टन रोडच्या थिएटरांवर लिहिलं, त्यावर आलेला पत्रांचा गठ्ठा संपादकांनी माझ्या डोंबिवलीच्या पत्त्यावर पाठवून दिला. सोबत चिठ्ठी : ‘उत्तरं तुम्हीच द्या.’ देतो. नव्या वाचकांना ओळख सांगायची तर मुगभाटातला जन्म, आणि नोकरी लॅमिंग्टन रोडवरच्या एका थिएटरच्या केबिनमध्ये. आधी हेल्पर, मग लायसन काढून ऑपरेटर. पडदा काळा झाला की हजार माणसं ज्याच्या नावाने बोंब मारतात, तो मी. पत्रं लिहिणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ब्लॅकने तिकिटं घेतल्याचं आणि काहींनी ती विकल्याचंही मोकळेपणाने कळवलंय. तेव्हा नावं गाळून नुसती गावं ठेवली आहेत.

प्रश्न : तुम्ही ऑपरेटर लोक शेवटच्या खेळाला रीळ खायचात. नाशिकला रात्री नऊच्या खेळाला मी एक सिनेमा पाहिला, त्यात गाणंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मित्राने तीनच्या खेळाला तोच सिनेमा पाहिला, त्याला गाणं दिसलं. आता तरी कबूल करा. — नाशिक

अहो, मी नाशिकला नोकरीला नव्हतो, मी काय कबूल करू! पण तुमचा संशय अगदीच खोटा नाही. काही थिएटरांत हे चालायचं. शेवटची बस चुकते म्हणून डोअरकीपर कुरकुरायचा, सायकल स्टँडवाला कुरकुरायचा, मग मॅनेजरचा निरोप वर यायचा : ‘जरा आटपतं घ्या.’ एक रीळ हजार फुटांचं. मशीनमधून मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते, म्हणजे एका रिळाची अकरा मिनिटं. अख्खं रीळ गाळलं तर गोष्टीचा घोळ होतो आणि पब्लिक खुर्च्या फाडतं. गाणं उडवलं तर गोष्ट अडत नाही. बळी जायचा तो गाण्याचा. हुशार प्रेक्षक मात्र सुरुवातीलाच सावध असायचे. सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावर आलं की पोरं त्यावरचा रिळांचा आकडा मोठ्याने वाचायची, ‘सोळा रीळ!’ आणि टाळ्या. सोळा म्हणजे पैसे वसूल.

पण न दिसलेलं प्रत्येक दृश्य आमच्या खात्यावर मांडू नका. प्रिंट आधी मुंबईत चालायची, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला. वाटेत ती कितीदा तरी तुटायची. तुटली की ब्लेडने टोकावरचा मसाला खरवडायचा, फिल्म सिमेंट लावायचं, दाबून जोडायचं. दर खेपेला दोन-चार चौकटी गेल्याच. सेकंदाला चोवीस चौकटी धावतात हे धरा, आणि एकाच जागी पाच-सहा वेळा तुटलेली फिल्म डोळ्यांसमोर आणा. “मी तुमच्या...” एवढं बोलून नायिका थांबायची आणि थेट लग्नाच्या मांडवात दिसायची. मधलं सगळं कुठल्या कुठल्या केबिनच्या केराच्या टोपलीत.

त्या टोपलीवर आमच्या गल्लीतल्या पोरांचा डोळा असे. जिन्याखाली उभी राहायची. “मास्तर, तुकडा द्या ना.” उडालेल्या बल्बची टोपी काढून आत पाणी भरायचं, खोक्याला भोक पाडून तो बसवायचा, मागून आरशाने ऊन सोडायचं आणि पुढे आजोबांचं धोतर ताणायचं. हिरो उलटा दिसला तर फिल्म फिरवायची. चाळीच्या गच्चीत या खेळाला पाच पैसे तिकीट होतं, आणि त्यातही ब्लॅक चालायचं.

प्रश्न : पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मधूनच एक गोल ठिपका चमकून जायचा. प्रिंट खराब असायची का? — औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर)

उलट. तो ठिपका तुमच्यासाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. सगळ्या पत्रांत हा एकच प्रश्न असता तरी मी खूश झालो असतो.

केबिनमध्ये दोन मशीनं. आम्ही दोन-दोन रिळं जोडून मोठ्या चाकावर गुंडाळायचो, म्हणजे बावीसेक मिनिटांचा एक तुकडा. डाव्या मशीनवर तो चालू असताना उजवीवर पुढचा चढवून ठेवायचा. मशीनच्या मागे दिव्याचं घर, वर धुराडं. त्यात कार्बनच्या दोन काड्या समोरासमोर. त्या टेकवायच्या, ठिणगी पडली की जरा लांब करायच्या, मग मधे जो लखलखाट उभा राहतो त्याने पडदा उजळतो. काड्या जळून आखूड होतात, अंतर वाढतं, आणि उजेड मंद होऊन थरथरायला लागतो. म्हणून काळ्या काचेतून बघत हात सतत काड्या जवळ आणायच्या खिटीवर ठेवायचा. अंगात गंजी, गळ्यात टॉवेल. मे महिन्यात त्या केबिनमध्ये बाहेरचा माणूस दहा मिनिटं टिकत नसे.

तुकडा संपत आला की पहिला ठिपका दिसतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सोडायची. साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका. त्यावर एका मशीनचं शटर बंद, दुसरीचं उघडं, आवाजाची कळ इकडून तिकडे. चुकलं तर पडद्यावर पांढरा उजेड किंवा पुढच्या रिळाच्या सुरुवातीचे आकडे, आणि खालून गजर : “ए ऑपरेटर! झोपला काय?” बरोबर जमलं तर कोणाला काही कळायचं नाही. अख्ख्या नोकरीत यासाठी एकदाही टाळी पडली नाही, पडणारही नव्हती.

आणखी एक गंमत. काही ऑपरेटरांचा छापील ठिपक्यावर भरवसा नसे. ते सुईने फिल्म खरवडून आपली स्वतःची खूण करत. कोणी फुली, कोणी रेघ. बरीच गावं फिरून आलेली प्रिंट हातात आली की शेवटच्या दहा सेकंदांत कोपऱ्यात नुसती आतषबाजी. तुम्हाला एवढे ठिपके आठवतायत, म्हणजे प्रिंट फिरून आलेली होती, किंवा सिनेमा भलताच कंटाळवाणा होता.

प्रश्न : आमच्या घरात पैज लागली आहे. आजोबा म्हणायचे, ‘किस्मत’ आपल्या ऑपेरा हाउसजवळच्या रॉक्सीला तीन वर्षं चालला. मामा म्हणतात, पहिला बोलपट अप्सराला लागला होता. कोण जिंकलं? — ठाणे

दोघेही हरले. पैजेची रक्कम मला पाठवा.

‘किस्मत’ (१९४३) तीन वर्षांहून जास्त चालला हे खरं, पण तो कलकत्त्याच्या रॉक्सीला. नावाचा सारखेपणा आजोबांना नडला. आणि ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकला लागला. अप्सरा तेव्हा जन्माला यायची होती. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना गेलं, गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले, असं त्या वेळच्या हकिकतींत आहे. ब्लॅकचा धंदा बोलपटाइतकाच जुना म्हणायचा. मॅजेस्टिकच्या पायऱ्या मी पोरवयात चढलोय. पुढे ते पाडलं. त्या थिएटराजवळ कोठावळ्यांनी पुस्तकं विकायला सुरुवात केली, म्हणून दुकानाचं नाव मॅजेस्टिक बुक स्टॉल. थिएटर गेलं, नाव पुस्तकांवर राहिलं.

आणखी पैज लावायची असेल तर ‘राजा हरिश्चंद्र’वर लावा, त्यात मात्र दोघेही जिंकू शकतात. २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपियात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये पब्लिकसाठी. तारीख कुठली धरायची ते आधी ठरवून घ्या.

प्रश्न : बाबा सांगतात, ‘शोले’त नाणं पडल्याचा आवाज इतका खरा होता की लोक खुर्चीखाली हात घालून शोधायचे. थापच ना? — विलेपार्ले

अर्धी. मी मिनर्व्हाच्या केबिनला नव्हतो, पण माझा एक दोस्त होता. आमचा शेवटचा खेळ लवकर सुटला की मी तिकडे जायचो. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला सिनेमा तिथे पाच वर्षं मुक्कामाला होता, शेवटी शेवटी मॅटिनीला. त्यामुळे जायला वेळ भरपूर मिळाला.

आमच्यासारख्या साध्या थिएटरात पस्तीस एमएमची प्रिंट. तिच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी, आणि पडद्यामागून एकच आवाज. घोडा डावीकडे असो की उजवीकडे, टापा मधूनच ऐकू यायच्या. सत्तर एमएमची फिल्म दुप्पट रुंद, आणि तिच्यावर टेपरेकॉर्डरच्या टेपसारखा चुंबकीय लेप. त्यात सहा वेगवेगळे आवाज. पाच पडद्यामागे डावीकडून उजवीकडे मांडलेले, सहावा हॉलमध्ये. तेव्हा नाणं पडलं ते खरोखर एका बाजूला पडलं. माना वळवणारे मी पुष्कळ पाहिले. खुर्चीखाली हात घालणारा मात्र एकही नाही. तिथल्या खुर्च्यांखाली कोणी राजीखुशीने हात घालेल असं वाटतही नाही.

एक विचारून ठेवा. बाबांनी सिनेमा मिनर्व्हाला पाहिला की दुसरीकडे? हा सिनेमा चित्रित झाला पस्तीस एमएमवर, मग मोठा करून सत्तरच्या प्रिंटी काढल्या. उपनगरांतल्या आणि गावोगावच्या बहुतेक थिएटरांत पस्तीसच गेली. तिथे पाहिला असेल तर ते नाणं त्यांनी कानांनी नाही, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंय.

प्रश्न : इथे अमेरिकेत जुन्या ड्राइव्ह-इन थिएटरांच्या आठवणी निघाल्या की मला वांद्र्याचं ड्राइव्ह-इन अंधुक आठवतं. बाबांच्या फियाटमध्ये मागे झोपून सिनेमा पाहिला होता. खरंच होतं ना ते? बंद का पडलं? — एडिसन, न्यू जर्सी

होतं, शंभर टक्के होतं. आणि तुम्ही बसला आहात तो प्रांत या प्रकाराचं माहेर. पहिलं ड्राइव्ह-इन न्यू जर्सीतल्याच कॅम्डेनला ६ जून १९३३ रोजी सुरू झालं. आपल्याकडे अहमदाबादला १९७३ साली आलं, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मुंबईत, वांद्रे पूर्वेला कलानगरजवळ, खाडीच्या अंगाला.

माझ्याकडे गाडी असायचा प्रश्नच नव्हता. आमच्या चाळीत गाडी म्हणजे हातगाडी. पण नाझ बिल्डिंगमध्ये वितरकांच्या कचेऱ्या होत्या, तिथल्या एकाशी पेट्यांच्या ने-आणीमुळे ओळख. त्याच्या फियाटमध्ये आम्ही सहाजण कोंबून गेलो. आत शिरताना बॅटरीवाला माणूस जागा दाखवतो, डोअरकीपर खुर्ची दाखवतो तशी. जमीन पुढून थोडी उचललेली, म्हणजे गाडीचं नाक वर राहतं आणि पुढच्या गाडीचं टप आड येत नाही. शेजारी खांब, खांबावर स्पीकरचा डबा. तो उचलून काचेच्या कडेला अडकवायचा. आमचा डबा खरखरत होता. मी त्याला दोन चापट्या मारल्या, धंद्याची सवय. मागे बसलेल्यांना सिनेमापेक्षा आमच्या डोक्यांचंच दर्शन. शेजारच्या गाडीवाल्यांनी पोरांना सतरंजी घालून टपावर बसवलं होतं, डब्यातून थेपले निघत होते. काच खाली केली तर डास, वर केली तर घाम.

मला तो प्रकार काही पटला नाही. वितरक खूश होता, मी नाही. हजार माणसं एका हॉलमध्ये एकाच वेळी हसतात तेव्हा केबिनच्या भोकातून तो आवाज अंगावर येतो, आणि आज काड्या नीट धरल्या पाहिजेत असं वाटतं. इथे विनोद झाला की पंधरा गाड्यांतून पंधरा वेळा वेगवेगळं हसू, आणि शिट्टीच्या जागी हॉर्न! खलनायकाने मार खाल्ला तेव्हा जो काही पोंगाट झाला, त्यात नायकाचा संवाद वाहून गेला.

बंद का पडलं, याचा माझा हिशेब धंद्याचा आहे. आमच्या थिएटरात दिवसाला चार खेळ : बारा, तीन, सहा, नऊ. ड्राइव्ह-इनला अंधार पडल्याशिवाय पडद्यावर काही दिसतच नाही, म्हणजे बारा आणि तीन गेलेच, सहाचाही साडेसात होतो. चार खेळांची कमाई दोनांवर आली. त्यात चार महिने पाऊस. काचेवर पाणी, उजेडाच्या झोतात पाणी. खुर्चीतल्या माणसाला जितकी जागा लागते तिच्या कितीतरी पट गाडीला लागते. आणि ती जागा कुठे, तर जिथे पुढे वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं तिथे. त्या जमिनीवर रात्री दोन खेळ लावून बसणं म्हणजे सोन्याच्या परातीत भाकरी थापणं. नव्या शतकाच्या सुरुवातीला ते गेलं. अहमदाबादचं टिकलं. तिकडे पाऊस कमी, माणसं बाजा-गाद्या आणि रात्रीचं जेवण घेऊन येतात.

हौस मात्र गेलेली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात एका मॉलच्या गच्चीवर पुन्हा ड्राइव्ह-इन उघडलं, २९० गाड्यांचं. आवाज आता गाडीच्या रेडिओवर, डब्याला चापट मारायची सोय राहिली नाही. भारतात आलात तर जाऊन या. मला विचाराल तर मी मागच्या सीटवर बसणार नाही.

प्रश्न : तुमच्या मुंबईवाल्यांना ड्राइव्ह-इनचं केवढं कौतुक! आमच्या जत्रेतल्या तंबूभोवती शेकडो बैलगाड्या सुटलेल्या असायच्या. ते काय होतं मग? — दहिवडी, जि. सातारा

मान्य. एका मोसमात मी रजा टाकून एका टुरिंग टॉकीजवर बदली ऑपरेटर म्हणून गेलो होतो, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत. मशीन ट्रकवर, जनरेटर त्याच्यामागे, दिवसभर कर्ण्यातून जाहिरात. तंबूत खाली जमीन. माणूस आपलं घोंगडं घेऊन येणार, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. धुरळा एवढा की मशीनपासून पडद्यापर्यंत उजेडाचा खांब दिसे. तिथे चार खेळांचा हिशेब नव्हता. संध्याकाळी सुरू झालं की एक सुटला की दुसरा, उजाडेपर्यंत. पहाटेच्या खेळाला निम्मा तंबू घोरत असायचा. गावात धर्मशाळा भरलेल्या, मग तिकीट काढून तंबूत झोपणं परवडायचं. त्यांना उठवायचं नाही, असा मालकाचा हुकूम होता.

देवाधर्माचे आणि तमाशाचे सिनेमे कधी पडत नसत. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला हे शहरवाले अभिमानाने सांगतात. जत्रांमधल्या तंबूंतून तमाशापटांना किती माणूस आलं, याचे आठवडे मोजायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

प्रश्न : लालबागच्या भारतमाताविषयी तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. आम्हा गिरणगाववाल्यांना विसरलात? — बदलापूर

लेख गिरगावचा होता हो, रागावू नका. भारतमाताला मी ऑपरेटर म्हणून कधी गेलो नाही, प्रेक्षक म्हणून पुष्कळदा गेलो. मराठी सिनेमाला दुसरीकडे तारखा मिळायची मारामार असताना ते थिएटर मराठी लावून भरत होतं. पहिली पाळी सुटली की गिरणीचा भोंगा आणि पाठोपाठ तिकीटबारीवरची रांग, काहींच्या केसांत अजून कापूस. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ती रांग पुन्हा कधी तशी लागली नाही. संपकरी मोठ्या संख्येने गावी गेले. सिनेमाला कोण येणार?

प्रश्न : माळा साफ करताना पत्र्याचा गोल डबा सापडला. आत फिल्मचं रीळ आहे, आंबूस वास येतो. चुलतआजोबा वितरणाच्या धंद्यात होते. काय करू? — मिरज

सगळ्यांत घाईचं पत्र तुमचं, आणि ते गठ्ठ्याच्या तळाशी होतं!

आधी देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस यांच्यापासून डबा लांब न्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती बहुधा ॲसिटेटची फिल्म, म्हणजे कुजायला लागलेली, पण झटकन भडका घेणारी नव्हे. कडेला भोकांच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत ‘सेफ्टी’ छापलंय का बघा. असेल तर जीव भांड्यात. नसेल, आणि रीळ पन्नासच्या आधीचं वाटत असेल, तर ती नायट्रेटची असू शकते. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळते, कारण जळायला लागणारी हवा तिच्या पोटातच असते. जुन्या केबिनमध्ये भोकांवर लोखंडी झडपा असत त्या यासाठीच. कोणी सांगेल, तुकडा कापून काडी लावून बघा. त्याला घरातून घालवा.

प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, कपाटात कोंडू नका, उन्हात वाळवू नका. सावलीच्या थंड जागी ठेवा. डब्यावरची चिठ्ठी फाटकी असली तरी खरवडू नका, तिच्यावरच कंपनीचं नाव आणि रिळाचा नंबर असतो. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. त्यांना डब्याचे आणि चिठ्ठीचे फोटो पाठवून विचारा. रीळ पोस्टाने किंवा एसटीच्या पार्सलने मात्र पाठवू नका, ते सांगतील तसंच न्या. चुलतआजोबांच्या सामानात पोस्टर, गाण्यांची पुस्तिका, जाहिरातीचे ब्लॉक असलं काही निघालं तर तेही सांगा, रद्दीत घालू नका.

आणि रीळ उलगडून खिडकीशी धरून बघायचा मोह होणार, तो आवरा. सुरुवातीचे दहा-बारा फूट नुसता लीडर असतो, त्यात आकड्यांपलीकडे काही दिसायचं नाही. हिरॉईन पुढे आहे, आणि तिथवर पोचेपर्यंत तुम्ही फिल्म मोडलेली असेल.